शिळं अन्न विष नाही; पण ते रोज एकटीच्याच ताटात का?

चेहरा पांढराफटक, जिना चढताना धाप, डोकं गरगरतं, पाय दुखतात. अशी तक्रार घेऊन एखादी बाई दवाखान्यात आली की मी रक्ताच्या तपासणीची चिठ्ठी लिहिण्याआधी जेवणाची चौकशी करतो. ही एका बाईची गोष्ट नाही. बाया वेगवेगळ्या असतात, बोलणं मात्र दरवेळी असंच होतं.

"रात्री काय जेवलात?"

"भाकरी."

"कशासोबत?"

"कोरड्यास सरलं होतं. चटणी घेतली."

"आणि सकाळी?"

"रातचा भात होता, तोच खाल्ला. लेकरं शिळं खात नाहीत, मालकाला चालत नाही. मग टाकून द्यावं का साहेब?"

सोबत आलेला मुलगा तेवढ्यात मोबाईल पुढे करतो. त्यावर लाल अक्षरांत आलेला निरोप असतो: शिळं अन्न म्हणजे विष, त्याने कॅन्सर होतो, आजच बंद करा. "बघा डॉक्टर, मी आईला कधीचं सांगतोय, शिळं खाऊ नको म्हणून."

मुलाची काळजी खरी आहे. पण त्याने आईला "खाऊ नको" एवढंच सांगितलं. "मला पण दे" असं म्हटलं नाही. आजचा लेख या दोन वाक्यांमधल्या फरकाबद्दल आहे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. नीट सांभाळून ठेवलेलं उरलेलं अन्न हे चांगलं अन्न आहे. त्यातून घरातल्या सगळ्यांचं गरम, पोटभर रात्रीचं जेवण होऊ शकतं आणि व्हायला हवं. ते सांभाळलं नाही तर मात्र ते कुणीच खाऊ नये, घरातल्या बाईनेही नाही. जे अन्न तुमच्या मुलाने खाऊ नये असं तुम्हाला वाटतं, ते त्याच्या आईने का खावं?

आधी आम्हा डॉक्टरांची चूक

जुलाब-उलट्यांचा पेशंट आला की आम्ही सवयीने सांगतो, "शिळं खाऊ नका, बाहेरचं खाऊ नका." वाक्य सोपं आहे, वेळ वाचतो. पण त्यातून घरी काय पोचतं? आजीला वाटतं, सकाळची भाकरी संध्याकाळी खाल्ली तरी आजार होईल. सुनेला वाटतं, आता दोन्ही वेळेला सगळं नव्याने रांधावं लागणार. आणि उरलेलं टाकवत नाही म्हणून कुणीतरी ते गुपचूप खातंच. ते कोण, हे तुम्हाला माहीत आहे.

खरं तर आम्ही विचारायला हवं की अन्न किती वेळ, किती उष्णतेत, कशात ठेवलं होतं. नुसतं "शिळं" म्हटल्याने यातलं काहीच कळत नाही. रात्री नऊला शिजवून अर्ध्या तासात फ्रीजमध्ये ठेवलेलं वरण दुसऱ्या दिवशी उकळून खाल्लं तर ते शिळं आहे, पण सुरक्षित आहे. उलट, मे महिन्यात देगलुरात सकाळी अकराला शिजवून ओट्यावर झाकून ठेवलेला आणि दुपारी चारला खाल्लेला भात आपल्या भाषेत "आजचाच", म्हणजे ताजा. पण धोका त्या ताज्या भातात जास्त आहे.

नेमकं बिघडतं काय?

भाताचंच उदाहरण घेऊ. बॅसिलस सेरियस नावाचा जीवाणू मातीत असतो, तिथून तो तांदळावर येतो. त्याचे बीजाणू इतके चिवट असतात की भात शिजवल्यानेही सगळे मरत नाहीत. भात गरम असेपर्यंत ते झोपलेले राहतात. भात कोमट होऊन तसाच राहिला की जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. यातलं उलटी घडवणारं विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. म्हणून "चांगलं खळखळून तापवलं होतं हो डॉक्टर" असं म्हणणाऱ्यालाही दोन-चार तासांत उलट्या सुरू होतात.

आपल्या हातावर, नाकात, जखमेत असणारा स्टॅफिलोकोकस हा जीवाणूही असंच उष्णतेला दाद न देणारं विष करतो. लग्नाच्या पंगतीत किंवा कंदुरीत मोठ्या हंड्यातलं मटण तासन् तास कोमट राहतं, तिथे क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स वाढतो. त्याने सहा ते चोवीस तासांत पोटात कळा येऊन जुलाब लागतात.

या तिन्हींत एक गोष्ट समान आहे: अन्नाला वास येतोच असं नाही, चव बदलतेच असं नाही. "वास घेऊन बघितला, चांगलं होतं" ही आपली घरोघरची परीक्षा इथे उपयोगाची नाही. घड्याळ मात्र उपयोगाचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम आहे: शिजलेलं अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. ५ ते ६० अंश सेल्सिअस या टापूत जीवाणू झपाट्याने वाढतात. बाहेरचं तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर दोन तासांऐवजी एकच तास धरावा, असा अमेरिकेतल्या अन्नसुरक्षा खात्याचा सल्ला आहे. आपला उन्हाळा चाळीस ओलांडतो, तेव्हा आपल्यासाठी एक तासच खरा.

म्हणजे विष शिळेपणात नसतं. ते ओट्यावर घालवलेल्या तासांत तयार होतं.

आणि शिळं म्हणजे औषधही नाही

आता दुसऱ्या टोकाचे निरोप. "शिळी पोळी दुधात कुस्करून खा, शुगर मुळापासून बरी होते." हे खोटं आहे. त्यामागे खऱ्याचा एक कण आहे, तो समजून घ्या. भात किंवा पोळी थंड झाली की त्यातला थोडा स्टार्च घट्ट होतो आणि लवकर पचत नाही. इंडोनेशियातल्या २०१५ च्या एका अभ्यासात ताज्या भातात असा न पचणारा स्टार्च १०० ग्रॅममागे ०.६४ ग्रॅम होता. तोच भात चोवीस तास फ्रीजमध्ये ठेवून पुन्हा गरम केल्यावर तो १.६५ ग्रॅम झाला. फरक आहे, पण तो एका ग्रॅमचा! बाकीचा भात भातच राहतो आणि साखर वाढवतोच. या निरोपावर भरवसा ठेवून मधुमेहाची गोळी बंद करू नका.

पुन्हा गरम केल्याने क जीवनसत्त्व बरंच कमी होतं, फोलेट काही प्रमाणात घटतं. प्रथिनं, लोह, तंतू मात्र जवळपास तसेच राहतात. म्हणून "शिळ्या अन्नात काही सत्त्व राहत नाही" हेही चूक. वर लिंबू पिळलं, कच्चा कांदा किंवा काकडी घेतली की गेलेल्यातलं बरंचसं भरून निघतं.

खरा दोष ताटाच्या वाटणीत

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त. पाळीतला रक्तस्राव, लागोपाठची बाळंतपणं, जंत अशी याची कारणं अनेक आहेत. पण एक कारण रोज आपल्या डोळ्यांसमोर, स्वयंपाकघरात घडतं.

आधी पुरुष जेवतात, मग लेकरं, मग म्हातारी माणसं, शेवटी ती. शेवटी भांड्यात काय उरतं, कधी बघितलंत? उरतो भात. उरते भाकरी. वरणातली डाळ वाढली गेलेली असते, खाली पाणी असतं. मेथीची भाजी संपलेली असते. अंडी मोजून केलेली असतात. दही मुलांनी संपवलेलं असतं. म्हणून तिच्या वाट्याला जे शिळं येतं ते नुसतं पिठूळ अन्न असतं. पोट भरतं, रक्त भरत नाही. तिचा आजार अन्न कालचं असल्यामुळे झालेला नाही. त्या अन्नात डाळ, भाजी, अंडं काहीच उरलेलं नसल्यामुळे झालेला आहे.

आम्ही लोहाच्या गोळ्या देतो, त्या घ्यायलाच हव्यात. पण गोळी खाऊन ती पुन्हा भात-चटणीवरच येणार असेल, तर सहा महिन्यांनी ती पुन्हा माझ्यासमोर बसलेली असते.

यावर घरातली मंडळी काय म्हणतात, तेही ऐकलं आहे. "तिलाच आवडतं शिळं." नाही हो! टाकून दिलेलं तिला आवडत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहात्तरचा दुष्काळ बघितलेल्या, सुकडी आणि लाल मिलोवर दिवस काढलेल्या पिढीने तिला वाढवलंय. अन्न टाकताना तिचा हात थरथरतो, ही तिची चूक नाही. तो शहाणपणा आहे. फक्त त्या शहाणपणाची सगळी किंमत तिच्या एकटीच्या अंगावर पडते.

"शास्त्रात शिळं वर्ज्य सांगितलंय"

हा आक्षेप हमखास येतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात शिळं, रस गेलेलं अन्न तामस म्हटलं आहे, हे खरं. फ्रीज नव्हता त्या काळात गरम देशात तो सावधगिरीचा सल्लाही आहे. पण याच आपल्या परंपरेत श्रावणातल्या शीतला सप्तमीला चूल न पेटवता आदल्या दिवशीचं सगळं घर मिळून खातं. सप्ताहाची सांगता काल्याने होते. काला म्हणजे काय? प्रत्येकाच्या शिदोरीतलं एकत्र कालवायचं आणि सगळ्यांनी खायचं. इथून मदनूरच्या बाजूला सीमा ओलांडली की तेलुगू घरांत रात्रीचा भात भिजवून सकाळी ताक, कांदा, मिरची घालून खातात. त्याला ते चद्दन्नम म्हणतात आणि लाजत नाहीत. आपल्याकडे आंबील आहेच.

एवढं मात्र लक्षात ठेवा: विरजण किंवा ताक लावून मुद्दाम आंबवलेलं अन्न आणि ओट्यावर विसरलेलं अन्न एक नाही. पहिल्यात चांगले जीवाणू आम्ल करून वाईटांना रोखतात. दुसऱ्यात कोण वाढलंय याचा भरवसा नसतो.

"आम्हाला परवडतं, आम्ही उरलेलं टाकून देतो," असं सांगणारेही भेटतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालाचा अंदाज आहे की भारतात घरांतून माणशी वर्षाला ५५ किलो अन्न वाया जातं. यात साली-देठंही धरलेली आहेत. तरी पाच माणसांच्या घराचे पावणेतीनशे किलो होतात. आणि टाकल्यावर संध्याकाळी भुकेल्या लेकरांना काय मिळतं? बिस्किटाचा पुडा, दोन मिनिटांच्या शेवया, गाड्यावरचं तळलेलं. सकाळच्या भाकरीला "शिळी" म्हणून नाक मुरडायचं आणि सहा महिन्यांपूर्वी कारखान्यात बनलेला पुडा ताजा समजून फोडायचा, हा कुठला हिशेब?

उरलेल्यातून सगळ्यांचं जेवण

पाककृतीचा लेख लिहिण्याची माझी पात्रता नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येतं. डॉक्टर म्हणून सूत्र एकच सांगतो: उरलेलं बहुतेक पिठूळ असतं, म्हणून त्यात एक प्रथिनांचा पदार्थ, एक हिरवी भाजी आणि वरून थोडं आंबट घाला.

*वरण उरलंय:* त्यात पाणी, गूळ, चिंच, थोडी मेथी किंवा शेवगा घालून खळखळ उकळा आणि कणकेच्या चकोल्या सोडा. चकोल्या शिजेपर्यंत वरणही पूर्ण उकळून निघतं. पावसाळ्याच्या रात्री यापेक्षा चांगलं जेवण मला माहीत नाही.

*भात उरलाय:* नुसती फोडणी देऊ नका. मूठभर शेंगदाणे, मोड आलेली मटकी किंवा दोन अंडी फोडून घाला, कोथिंबीर घाला, प्रत्येकाच्या ताटात लिंबाची फोड ठेवा. भाताचं प्रत्येक शीत वाफाळेपर्यंत परता.

*पालेभाजी, पिठलं किंवा खिचडी उरलीय:* ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, तीळ, ओवा घालून मळा आणि पातळ धपाटे थापा. जाड थापले तर आतलं गार राहतं. सोबत दही आणि शेंगदाण्याची चटणी.

*भाकरी-पोळी उरलीय:* कुस्करा करा, पण त्यात कांद्याबरोबर उकडलेले हरभरे किंवा अंडं असू द्या. नाहीतर भाकरी ताकात चुरून काला करा, वर शेंगदाण्याचं कूट घाला.

लिंबू सांगतोय ते चवीपुरतं नाही. धान्य-डाळी-भाज्यांमधलं लोह क जीवनसत्त्वासोबत जास्त शोषलं जातं. जेवणानंतर लगेच घेतलेला चहा ते अडवतो. म्हणून जेवण आणि चहा यांत किमान एक तास जाऊ द्या.

आणि या जेवणाची सगळ्यात महत्त्वाची अट: सगळे एकदम बसा. घमेलंभर धपाटे मधे ठेवा आणि तिलाही त्याच वेळी बसवा. ती उठून तव्याकडे जात असेल तर दुसऱ्या कुणीतरी जा.

सांभाळण्याचे नियम

१. दुपारचं रात्रीसाठी ठेवायचं असेल तर जेवण झाल्या झाल्या बाजूला काढा. सगळ्यांच्या उष्ट्या हातांचं, चमच्यांचं अन्न ठेवू नका.

२. भात परातीत पसरून पंख्याखाली लवकर निववा. वरण खोल पातेल्यात न ठेवता लहान, पसरट डब्यांत काढा. तासाभरात फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. थोडं कोमट असलं तरी चालेल.

३. भात चोवीस तासांत संपवा. वरण-भाजी दोन दिवसांत. फ्रीज म्हणजे कपाट नाही.

४. पाहिजे तेवढंच काढा आणि एकदाच, वाफा येईपर्यंत, मधे ढवळत गरम करा. पुन्हा उरलं तर टाका.

५. वीज गेली तर फ्रीजचं दार उघडू नका. बंद फ्रीज साधारण चार तास थंडावा धरतो. त्याहून जास्त वेळ वीज नसेल तर भात, वरण, दूध, मांस ठेवू नका.

६. घरात फ्रीज नसेल तर उन्हाळ्यात भात-वरण-मांस एका वेळेपुरतंच रांधा. कोरडी भाकरी, कोरडी चटणी टिकते, कारण तिच्यात पाणी कमी. अंदाजासाठी भाकरी जास्त करा, भात कमी.

७. बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढाच तुकडा काढून बाकीचं खाऊ नका. बुरशी आतपर्यंत गेलेली असते.

८. एक वर्षाच्या आतलं बाळ, गरोदर बाई, खूप वयस्कर माणूस, कॅन्सरचा किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारा औषधोपचार घेणारा यांना शक्यतो ताजं द्या. उलट-सुलट करू नका. आपल्याकडे गरोदर सुनेला रात्रीचं आणि धडधाकट मुलाला ताजं वाढलेलं मी बघितलंय.

दवाखान्यात कधी यावं?

उलट्या-जुलाब सुरू झाले तर ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घोळवा आणि घोट घोट पाजत राहा. अर्ध्या ग्लासात सगळं पाकीट घोळवणं धोक्याचं आहे. शौचात रक्त, जोराचा ताप, पाणीही पोटात न टिकणं, सहा-आठ तास लघवी न होणं, लेकरू मलूल पडणं यातलं काहीही दिसलं तर थांबू नका, लगेच या. आणि धाप, थकवा, पांढरे पडलेले डोळे ही लक्षणं असतील तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. गरोदर नसलेल्या बाईचं ते १२ च्या आत असेल तर तो रक्तक्षय आहे. "बायांचं असंच असतं" म्हणून सोडून देऊ नका.

शिळं खाऊ नये असा निरोप पुढे पाठवायला एक सेकंद लागतो. तो पाठवण्याआधी आज रात्री एवढं करा: स्वयंपाकघरात जा, काय उरलंय ते स्वतः बघा, आणि ते किती वाजता शिजवलं होतं ते विचारा. खाण्यासारखं नसेल तर स्वतःच्या हाताने टाका, तिच्यावर सोडू नका. खाण्यासारखं असेल तर त्याचे धपाटे, चकोल्या, फोडणीचा भात, काहीही होऊ द्या आणि पहिला घास तिच्याबरोबर घ्या. तुमच्या आईच्या पुढच्या रक्ततपासणीसाठी मला याची वाट बघायची आहे.